मिकीच्या पंगतीला पोरं न्यावीत का?

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की ‘कॅरेक्टर मील’बद्दलची विचारणा वाढते. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डिस्नेलँडसारख्या पार्कात किंवा तिथल्या हॉटेलात आधी बुकिंग करून जेवायला बसायचं. जेवण चालू असताना मिकी, गुफी, प्लूटो नाहीतर राजकन्या एकेका टेबलापाशी येतात, मुलांना भेटतात, फोटो काढू देतात. बहुतेक ठिकाणी बुफे असतो आणि दर चढा असतो. या वेळी बेळगाव, निपाणी, खानापूर, येळ्ळूर आणि चिकोडीहून आलेले प्रश्न घेते.

मुलगी अडीच वर्षांची आहे. शेजारच्या वाढदिवसाला हॉलमध्ये भाड्याचा मिकी आला, तर रडून रडून लाल झाली, केक न खाताच घरी आणावं लागलं. आम्ही नोव्हेंबरात हाँगकाँगला चाललोय. सासूबाई म्हणतात पैसे घालवू नका. नवरा म्हणतो, एवढं लांब जाऊन मिकीबरोबर फोटो नको? — एक आई, टिळकवाडी

मी सासूबाईंच्या बाजूची. निदान आधीच बुकिंग करून ठेवू नका.

या वयात मुखवट्याची भीती वाटणं अगदी नेहमीचं आहे. तोंड हलत नाही, हसू एकदा चिकटवलं ते तसंच, डोकं बाबांच्या डोक्याच्या तिप्पट, आणि असा प्राणी थेट अंगावर येतो. पोरीनं रडू नये तर काय करावं? चार-पाच वर्षांची होईपर्यंत बऱ्याच मुलांचं हे आपोआप ओसरतं. तोवर ‘काही नाही होत, जा बघू’ म्हणून पुढं ढकललं की भीती वाढते.

पहिल्या दिवशी पार्कात मिकीला दुरून दाखवा. तिनं आपणहून हात हलवला, ‘मिकी कुठं गेला?’ असं विचारलं, तर दुसऱ्या दिवशीचं टेबल मिळतंय का पाहा. मिळालं तर भिंतीकडची जागा मागा. मुलगी आतल्या बाजूला, मोठं माणूस वाटेकडच्या खुर्चीवर. पात्रांबरोबर एक मदतनीस फिरत असतो, त्याला ती घाबरते एवढं सांगून ठेवा. तिथली मंडळी यात तयार असतात. हाँगकाँगला एक मुलगा आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसला होता. गुफीनं ते पाहिलं, दोन टेबलं मागं सरकला, आपल्या पंजांनी स्वतःचेच डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून हळूच बघायला लागला. पोरगं ओढणीतून एक डोळा बाहेर काढतंय, गुफी पुन्हा डोळे झाकतोय, असं पाचेक मिनिटं चाललं. जवळ कोणी गेलंच नाही. फोटोही निघाला नाही, आणि पोरगं खूश. भाड्याच्या मिकीकडून एवढी समज कशी अपेक्षिणार?

तुमच्या मुलीला तीन पूर्ण व्हायची असल्यानं हाँगकाँगच्या पार्कात तिचं तिकीट लागत नाही. हॉटेलातल्या जेवणाला तर पार्कचं तिकीट कुणालाच लागत नाही. डिस्नेलँड हॉटेलातलं ‘एन्चँटेड गार्डन’ त्यातलंच. म्हणजे पार्कच्या दिवशी ही गर्दी करायचं कारण नाही. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, निवांत, एवढंच एक काम ठेवा.

वेळ मात्र विचार करून घ्या. हाँगकाँगचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. तिथल्या सकाळी साडेसातच्या नाश्त्याला तुमच्या लेकीच्या अंगात बेळगावचे पाच वाजलेले असणार. डोळे चोळत असलेल्या पोरापुढं भलंमोठं डोकं आणून उभं केलंत तर जे व्हायचं तेच होईल. संध्याकाळी सहाचं जेवण घ्या, म्हणजे तिचे साडेतीन. दुपारची झोप झालेली, पोटात थोडी भूक.

आणि फोटोचं म्हणाल तर नवऱ्याला एकट्याला मिकीशेजारी उभं करा. छान येतो.

आम्ही जैन. कांदा-लसूण, कंदमुळं चालत नाहीत, आई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. बुफेला एवढे पैसे भरून फळंच खायची का? — निपाणी

खरं सांगायचं तर मोठ्यांच्या बाबतीत बहुतेक तसंच होतं. हे पैसे जेवणाचे नाहीत, भेटीचे आहेत असं धरून चाला. तसं पटत नसेल तर सोडून द्या, रुखरुख लावून घेऊ नका.

जायचं ठरवलंत तर नाश्ता गाठा. सूर्यास्ताचा प्रश्नच मिटतो आणि नाश्त्याला दूध, कॉर्नफ्लेक्स, फळं, रस, टोस्ट यांवर निभतं. रात्रीच्या बुफेत मात्र पावलोपावली खोच असते. हाँगकाँगला साध्या परतलेल्या पालेभाजीतसुद्धा ऑयस्टर सॉस असू शकतो. सूप हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असतं. मिकीच्या आकाराचा वॉफल दिसला की मुलं तुटून पडतात, त्यात अंडं असतं. पॅनकेकमध्येही. जेली, मार्शमॅलो आणि रंगीत चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. मुलांचा नेमका हात जातो तो याच काउंटरवर, म्हणून मुलांना आधी घरी सांगून ठेवा, तिथं ताटातून उचलून घेऊ नका.

‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर परदेशात विसंबू नका, त्यात अंडं बसतं आणि कांदा-बटाटा तर बसतोच. अमेरिकेतल्या डिस्नेत काही पदार्थांपुढं हिरवं पान छापलेलं असतं. त्याचा अर्थ मांस, दूध, अंडं, मध यातलं काही नाही. अंड्यापुरती काळजी त्यानं मिटते, कांद्याची नाही. बुकिंग करतानाच काय चालत नाही ते लिहा. ‘जैन’ एवढंच लिहून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, अंडं, मांस, मासे अशी यादी द्या. टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगा आणि शेफना बाहेर बोलावून घ्या. ते येतात, काउंटर दाखवतात, कधी साधा भात वेगळा करून देतात. विमानात जैन जेवण वेगळं मागता येतं, तेही बुकिंगच्या वेळीच.

सोबत खाकरे, भाजणी, कोरड्या चटण्या असू द्याच. अमेरिकेला जात असाल तर दुधाच्या पदार्थांवर तिथं कडक नियम आहेत. कुंद्याचा डबा घरी ठेवा, हे सांगताना मलाही वाईट वाटतंय. जे नेताय ते कस्टमला आपणहून सांगा. सांगितलेलं काढून घेतलं तर खाऊ जातो, लपवलेलं सापडलं तर दंड बसतो.

मुलगा-सून अमेरिकेत. डिसेंबरात फ्लोरिडाला सगळे मिळून सात जण जाणार. नातू नऊचा, डिसेंबरअखेर दहाचा होईल, नात चार वर्षांची. सून म्हणते सिंडरेलाच्या किल्ल्यात जेवू, मुलगा म्हणतो मिकी बरा. कसं ठरवायचं? — निवृत्त शिक्षक, खानापूर

गुरुजी, आधी नातवाच्या वाढदिवसाआधीची तारीख धरा. तिथल्या डिस्ने वर्ल्डमध्ये ३ ते ९ वर्षांपर्यंत मुलांचा दर, १० पूर्ण झालं की तिकीट आणि बुफे दोन्हीकडे मोठ्यांचा. तीनच्या आतल्याला काही नाही. चार दिवस अलीकडं गेलात तर बरेच डॉलर वाचतात.

किल्ला की मिकी? सिंडरेलाचं जेवण डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कातल्या किल्ल्याच्या आत आहे, म्हणजे सातही जणांना त्या दिवसाचं पार्कचं तिकीट हवं. शेफ मिकीज् आहे कंटेम्पररी हॉटेलात, तिकिटाशिवाय जाता येतं, वरून मोनोरेल जाताना दिसते आणि मिकी, मिनी, डोनाल्ड, गुफी, प्लूटो अशी पाचही मंडळी फिरतात. नऊ वर्षांचा मुलगा राजकन्यांमध्ये तासभर बसेल का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. माझं मत मिकीला.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरातल्या जागा लवकर संपतात. मुलाला सांगा, तिथल्या सकाळी सहाच्या सुमाराला ॲपवर बसायचं. ऑक्टोबरात तिथं अजून उन्हाळी वेळ असते, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. तो झोपलेला असला तर खानापूरहून तुम्हीच फोन करून उठवा. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर पहिल्या दिवसापासूनचे साठ दिवस मोजून पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं एकदम घेता येतात.

हिशेबात दोन गोष्टी राहून जातात. छापलेल्या दरावर कर वेगळा, आणि सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के टिप बिलातच लावतात. तुम्ही सात, म्हणजे लागणारच. वर पुन्हा टिप ठेवू नका, आपले लोक भिडेखातर ठेवतात. जायचं रद्द झालं तर वेळेत कळवा, नाहीतर कार्डावरून माणशी १० डॉलर कापले जातात.

सकाळचीच वेळ घ्या. डिसेंबरात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं. भारतातून गेलेल्या तुम्हा दोघांना पहाटे तीनला जाग येणार आणि संध्याकाळी सहाला ताटावर डुलक्या. आठच्या नाश्त्याला तुम्ही ताजेतवाने असाल. मुलं काय, तिथलीच आहेत.

आमचा मुलगा मराठी शाळेत पहिलीला. इंग्रजी येत नाही, कन्नड थोडं. त्या राजकन्या इंग्रजी बोलतात म्हणे. त्याला कमीपणा वाटेल का? — येळ्ळूर

म्हणूनच राजकन्या नकोत, मिकी घ्या. मुखवट्याची पात्रं बोलतच नाहीत, कुठल्याच भाषेत नाहीत. सगळं हातवाऱ्यांनी. पॅरिसचं मूल असो, टोकियोचं असो की येळ्ळूरचं, मिकीपुढं सगळी सारखीच. उघड्या चेहऱ्याच्या राजकन्या मात्र गप्पा मारतात, ‘तुझं आवडतं गाणं कोणतं’ वगैरे, आणि मूल गप्प राहिलं की आई-बाबाच मधे पडून उत्तरं द्यायला लागतात. त्यात मुलाचा विरस होतो.

मुलगा मराठीत बोलला तर बोलू द्या. मिकी मान डोलावतो. सहीची वही नेत असाल तर जाड पेन न्या, कारण हातमोज्यात बारीक पेन धरता येत नाही. तेवढं एक वाक्य शिकवायचं तर ‘थँक्यू’ पुरे.

नातू पाच वर्षांचा. व्हिडिओ बघून विचारतो, ‘आत माणूस असतो ना?’ खरं सांगावं का? — आजी, शहापूर

दशावतारी नाटकातला राक्षस घाबरवून गेला की त्याच पोराला घेऊन आपण रंगपटाकडं जातो, तोंडाचा रंग पुसणारा माणूस दाखवतो. पोर तरीही पुढच्या वर्षी त्याच राक्षसाला घाबरायला पहिल्या रांगेत. तेव्हा खरं सांगितल्यानं मजा जाते असं नाही. पण आपणहून फोडायचीही घाई नको. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा. ‘माणूस असतो’ म्हणाला तर ‘होय’ म्हणा. फक्त टेबलावर, बाकीच्या पोरांसमोर, मोठ्यानं बोलायचं नाही एवढं बजावा. आणि शेपूट ओढून खात्री करू देऊ नका. आतल्या माणसाला जाळीतून समोरचं थोडंच दिसतं, खालचं मूल तर दिसतच नाही. धक्का लागून दोघं पडतात. मुलानं नेहमी समोरून जावं.

परदेश आमच्या खिशात नाही. जवळ कुठं असं जेवण मिळतं का? मुलं तीन आणि सहा वर्षांची. — चिकोडी

अगदी असंच जेवण शोधायला निघू नका. खोपोलीचं इमॅजिका हे थीम पार्क तुमच्याकडून महामार्गानं सरळ रस्त्यावर आहे आणि तिथं पात्रांची मिरवणूक निघते. पण मुलांसह सात-आठ तासांचा प्रवास धरा आणि एक मुक्काम करा. बेंगळुरूचं वंडरला पाळण्यांसाठी आणि पाण्यासाठी. तीन वर्षांच्या पोराला बऱ्याच पाळण्यांत उंचीमुळं घेत नाहीत. निव्वळ पात्रं भेटवायला एवढं जाऊ नये असं मला वाटतं. त्यापेक्षा शिवजयंतीला बेळगावच्या चित्ररथांची मिरवणूक दाखवा. रात्र होते, गर्दी असते, म्हणून धाकट्याला खांद्यावर घ्या आणि सुरुवातीचे काही चित्ररथ पाहून परत फिरा.

वाढदिवसाला पात्र बोलवायचं असेल तर मात्र ते नीट करता येतं. मुलं जेवायला बसल्यावरच त्याला आत आणा, दारातून, सगळ्यांना दिसेल असं. मोठ्यानं गाणं लावून अचानक नाही. त्याच्याबरोबर घरातला एक मोठा माणूस फिरू दे, कारण त्याला खालचं दिसत नाही. घाबरणारी मुलं भिंतीकडं बसवा. आणि ठरवताना तासाचे पैसे ठरवू नका, पंधरा-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या ठरवा, मधे त्याला डोकं काढून बसायला मुलांना दिसणार नाही अशी खोली आणि पाणी. एप्रिल-मे महिन्यात चिकोडीच्या उन्हात त्या कपड्यात तासभर कोणी नाचू शकत नाही, आणि दमलेला मिकी मुलांना लगेच ओळखू येतो.