माजाळीकडच्या खारवी वाड्याचा इतिहास लिहायला कुठून घ्यावा?

प्रश्न असा आहे: "आजोळ कारवार तालुक्यात, माजाळीच्या किनाऱ्यावरच्या खारवी वाड्यात. आम्ही बेळगावात राहतो. वाड्याचा इतिहास लिहायचाय, पण लेखी काहीच मिळत नाही. सुरुवात कुठून करू?"

लेखी मिळत नाही, कारण सगळे कारवारातच शोधतात. कारवारचा जिल्हा, म्हणजे तेव्हाचा उत्तर कॅनरा, 1862 पर्यंत मद्रास इलाख्यात होता, नंतर 1956 पर्यंत मुंबईकडे. त्यामुळे वरच्या कचेऱ्यांचं जुनं दप्तर चेन्नईत, मधलं मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि 1 नोव्हेंबर 1956 नंतरचं कर्नाटकात. 1883 चं कॅनरा गॅझेटियर (मुंबई इलाखा, खंड 15) चाळा, पण फार आशा धरू नका. साहेबाला इंग्रजांची वखार, सोंद्याचे राजे आणि सदाशिवगड यांत रस. खारवी, गाबीत, हरिकंत्र या मच्छीमार जातींचा उल्लेख लोकांच्या प्रकरणात थोडक्यात उरकलाय. त्यापेक्षा जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर बघा. मुलाचं नाव, जात, जन्मगाव, शाळा कधी आणि का सोडली, हे एका ओळीत सापडतं. हेडमास्तरांकडं लेखी अर्ज द्या, फोटो मागू नका, वहीत उतरवून घ्या.

पण किनाऱ्यावरच्या वाड्याचा खरा इतिहास रापणीत, म्हणजे काठावरनं ओढायच्या मोठ्या जाळ्यात आहे, आणि लोक तोच सोडून देतात.

रापण एका मालकाची नसायची. जाळं तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं, आणि एकेक तुकडा एकेका घराचा. म्हणून पहिला प्रश्न "गाव कधी वसलं" हा नको. "रापणीत तुमच्या घराचे तुकडे किती होते, आणि ते कोणाकडनं आले?" असं विचारा. लग्नात दिलेला, कर्जात गेलेला, भावांत वाटलेला तुकडा म्हातारी माणसं बिनचूक सांगतात. त्यावरनं कोणतं घर आधीचं आणि कोणतं नंतर आलं ते कळतं.

काम कसं चालायचं तेही लिहून घ्या. बांगड्याचा थवा आला की पाण्याचा रंग बदलतो, वर पक्षी घिरट्या घालतात. ते ओळखणारा एक जाणता किनाऱ्यावर असे. जाळ्याच्या एका टोकाचा दोर काठावर धरून ठेवायचा, होडीनं अर्धवर्तुळात जाळं सोडत जायचं आणि दुसरं टोक लांब काठावरच आणायचं. मग दोन्हीकडं माणसं ओढायला, आणि ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडं सरकत यायच्या. चूक होते ती दोन ठिकाणी. खालचा वजनं लावलेला दोर वाळूवरनं उचलला की बांगडा खालनं निसटतो. एक रांग पुढं गेली तर जाळं तिरकं होऊन प्रवाह पोटात भरतो. फार मोठा थवा असला तर मासे जाळ्यातच पाण्यात कोंडून ठेवून लागेल तसे काढायचे, कारण काठावर आलेला बांगडा उन्हात काही तासांत नासतो. उरलेला खारवायचा: तीन-चार भाग मासळीला एक भाग मीठ. मीठ कमी पडलं की काट्याजवळ लाल होऊन वास मारतो. मिठाचा हिशेब विचारा, त्यातनं गोकर्णाजवळच्या सानिकट्ट्याची मिठागरं आणि घाटावरचे व्यापारी आपोआप निघतात. आपल्या बेळगावात पोचणारा सुका बांगडा हा त्याच हिशेबाचा शेवटचा आकडा.

आता ही रापण कशानं संपली? आमचे भावोजी वीस वर्षं एकच सांगतात, ट्रॉलरनं. साफ चूक. ट्रॉलर 1960 च्या दशकात आले, नॉर्वेच्या मदतीनं चाललेल्या इंडो-नॉर्वेजियन मासेमारी प्रकल्पाचं केंद्र कारवारला होतं, तेव्हाही रापण चालू होती. ट्रॉलर तळ खरवडून कोळंबी काढतो, रापणीला हवा असतो वरच्या पाण्यातला बांगडा आणि तारली. तो थवा किनाऱ्याला लागायच्या आधीच समुद्रात घेरून उचलला तो पर्ससीननं, म्हणजे थव्याभोवती टाकून खालनं आवळायच्या जाळ्यानं, आणि ते जाळं कर्नाटकात आलं 1975 च्या सुमारास. पुढच्या काही वर्षांत काठावर ओढायला फारसं काही उरलं नाही. तुमच्या वाड्यातल्या पाच म्हाताऱ्यांना रापणीचं शेवटचं साल विचारा आणि इथं लिहा, म्हणजे आमच्या घरचा वाद तरी मिटेल.

एवढं मात्र मान्य करतो, रापणीतल्याच काहींनी पुढं पर्ससीनमध्ये भागीदारी घेतली. तेव्हा "बाहेरच्यांनी बुडवलं" असं सरळ लिहू नका. आणि काही शब्द घराघरांत बदलतात, ते शुद्ध करायला जाऊ नका.

सालं कोणाला आठवत नाहीत, म्हणून खुणा द्या. नोव्हेंबर 1961 मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरनं पोर्तुगीजांनी साबरमती बोटीवर आणि मग मच्छीमारांच्या होडीवर गोळ्या झाडल्या, त्यात एक मच्छीमार गेला. "तेव्हा तुम्ही केवढे होता?" असं विचारलं की वय पक्कं होतं. दुसरी खूण सीबर्डची, म्हणजे कारवारच्या नौदल तळाची. पायाभरणी 1986 ची, त्यात अर्गा-बिणग्याकडच्या जमिनी गेल्या. माजाळी त्यात नाही, पण तिकडं दिलेल्या लेकी विचारा, अर्धा इतिहास त्यांच्याकडं आहे.

जायचंच तर 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीत जा. तेव्हा माणसं जाळी विणत घरी बसलेली असतात. नारळी पौर्णिमा झाली की कोणाला मान वर करायला वेळ नसतो.