आजोबांना आधी धोट्याबद्दल विचारा

प्रश्न : माझे आजोबा मुंबईच्या कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, तसे गावी परतले. मी इतिहासात एम. ए. करतेय. कामगारांचा इतिहास लिहायचा, माहितीपट करायचे आणि चळवळीतही राहायचं, असं मनात आहे. घरचे विचारतात, यात पोट भरतं का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : घरच्यांना खरं ते सांगा. नाही भरत. माझं भाडं जातं ते दुसऱ्यांच्या फिल्म एडिट करून. गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचं मोठं पुस्तक २००४ मध्ये आलं. ते करणाऱ्या मीना मेनन चळवळीतल्या, नीरा आडारकर आर्किटेक्ट. इतिहासाच्या खात्यातून दोघीही आल्या नव्हत्या.

पोटापेक्षा मला काळजी वाटते ती चळवळीची. कार्यकर्ता म्हणून गेलं की माणसं आपल्याला हवं तेच ऐकवतात. परळच्या चाळीत एका निवृत्त साचेवाल्यांना मी म्हटलं, "काका, संपाबद्दल सांगा." तासभर भाषण. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, सगळं वर्तमानपत्रात छापलेलं. चहा आला तेव्हा मी उगाच विचारलं, धोट्यातली कांडी (सुताची गुंडाळी) संपली की काय करायचात? काकांनी बशी खाली ठेवली, हातात धोटा असल्यासारखी मूठ तोंडाशी नेली आणि धागा ओढला, फस्सकन. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी होडी; नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानंच ओढून घ्यावा लागे. मग म्हणाले, "म्हणून तर वडिलांच्या वेळी 'त्यांना' साचेखात्यात घेत नसत. उष्टा धोटा कोण तोंडाला लावणार? ते सगळे त्रासनात."

'ते' म्हणजे दलित कामगार. त्रासन म्हणजे सूत काढायचं खातं, तिथं पगार कमी. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी साचेखात्यातल्या या बंदीचाच मुद्दा लावून धरला होता. मी तो वाचलेला होता, तरी काकांना विचारायचं सुचलं नव्हतं. आणि ते बोलत होते तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली. पुन्हा गेले तर काका परत भाषणावर!

असं काही ऐकलं की कामगार एकजुटीच्या गोष्टीला तडा जातो आणि कार्यकर्त्याचा हात कात्रीकडे वळतो. माझाही एकदा वळलाय. तो हात आवरणं जमत नसेल तर नुसती चळवळ करा, तेही मोठंच काम आहे.

नोकरी बघा, शनिवार-रविवार आजोबांकडे बसा. किती साचे चालवायचे, खानावळ कुणाची, गाळ्यात झोपायची पाळी कशी लावायचे, हे विचारा. संप आपोआप येईल. पगाराच्या पावत्या, गेटपास निघाले तर फोटो काढा. मूळ कागद त्यांच्याच ट्रंकेत राहू द्या.