दंडावरचा सेन्सर 'नॉन-मेडिकल' कसा?

प्रश्न: आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. वडील ७२ वर्षांचे, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, बरीच वर्षं इन्सुलिनवर आहेत. १४ जुलैच्या पहाटे ते अंथरुणातच घामाने चिंब होऊन बेशुद्ध पडले. शुगर ३८ निघाली. चार दिवस ॲडमिट होते. १६ तारखेला डॉक्टरांनी वॉर्डातच दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला आणि घरी गेल्यावरही चालू ठेवायला सांगितलं. १८ जुलैला डिस्चार्ज मिळाला. त्यानंतर दर चौदा दिवसांनी एक असे पाच सेन्सर मेडिकलमधून घेतले. हॉस्पिटलातला धरून सहा, प्रत्येकी ५,२०० रुपयांचे. पॉलिसी २०१७ पासूनची आहे, डायबेटिस फॉर्ममध्ये लिहिलेला आहे. कंपनीने बाकी बिल दिलं, पण सेन्सरचे ३१,२०० रुपये 'नॉन-मेडिकल आयटेम' म्हणून कापले. बाबा म्हणतात, भांडलीस तर पुढच्या वर्षी पॉलिसीच देणार नाहीत. काय करू?

उत्तर: ताई, आधी बाबांची भीती दूर करा. मागे क्लेम घेतला किंवा तक्रार केली म्हणून कंपनीला रिन्यूअल नाकारता येत नाही. फसवणूक केली असेल किंवा माहिती लपवली असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्याकडे तसं काहीच नाही. डायबेटिस आधीपासून होता, हा मुद्दाही कंपनीला आता काढता येणार नाही. तो तुम्ही सांगितलेला होता आणि पॉलिसीला साठ महिने कधीच उलटून गेलेत.

आता पैशांचं. सहाही सेन्सरचे पैसे मिळतील असं मी म्हणणार नाही. तुम्ही पाठवलेली पॉलिसी वाचली. त्यात डिस्चार्जनंतरचा ६० दिवसांचा खर्च मिळतो, पण ज्या आजारासाठी ॲडमिट केलं त्याच आजाराचा तो हवा. १८ जुलैपासून साठ दिवस १६ सप्टेंबरला संपतात. तुमची बिलं ३० जुलै, १३ ऑगस्ट, २७ ऑगस्ट, १० सप्टेंबर आणि २४ सप्टेंबरची आहेत. शेवटचं मुदतीबाहेर जातं, ते सोडून द्या. एक चुकीची मागणी घुसडली की उरलेल्या बरोबर मागण्यांकडेही संशयाने पाहिलं जातं, हे मी अनेकदा पाहिलंय. १० सप्टेंबरचं मात्र सोडू नका. तो सेन्सर २४ पर्यंत दंडावर होता हे खरं, पण खर्च मुदतीत झालेला आहे. म्हणजे मागायचे २६,००० रुपये.

या पाचांपैकी वॉर्डात लावलेला सेन्सर मला जवळजवळ हक्काचा वाटतो. घरचे चार वादाचे आहेत, आणि तो वाद कशावर होणार ते नीट समजून घ्या.

पॉलिसीच्या शेवटी न मिळणाऱ्या वस्तूंच्या याद्या जोडलेल्या असतात. तुमच्या प्रतीत त्या शेवटच्या चार पानांवर आहेत, बारीक अक्षरात. मी त्या ओळीन् ओळ पाहिल्या. चौथ्या यादीत 'ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स' आहे. ती यादी उपचाराच्या खर्चातच धरायच्या, म्हणजे वेगळे पैसे न मिळणाऱ्या वस्तूंची आहे. सेन्सरचं नाव कुठेच नाही. कंपनी म्हणेल, दोन्ही शुगरच मोजतात, मग फरक काय? फरक आहे. ग्लुकोमीटर बोटाला टोचून त्या क्षणाची शुगर सांगतो. सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर रात्रंदिवस मोजत राहतो आणि ती घसरू लागली की मोबाईलवर गजर देतो. झोपेत बेशुद्ध पडलेल्या माणसाला बोट टोचून घ्यायचं भान कुठून असणार? डॉक्टरांनी सेन्सर लावला तो याच कारणाने.

दुसरा अडथळा जास्त अवघड आहे. घरी वापरायची टिकाऊ उपकरणं मिळणार नाहीत, असं एक कलम तुमच्या पॉलिसीत आहे. त्यावर तुमचं म्हणणं असं मांडा: चौदा दिवसांनी काढून कचऱ्यात टाकायची वस्तू टिकाऊ उपकरण कशी? सेन्सरचे आकडे पाहायला तुम्ही घरचाच मोबाईल वापरलात, त्याचे पैसे तुम्ही मागितलेलेच नाहीत. पॉलिसीतल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर तो शब्द लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरायचा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वर्षानुवर्षं मानलं आहे. तरीही इथे निकाल कुठेही झुकू शकतो, हे मनाशी धरून चला.

तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे कंपनीचं पत्रच. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेमचा काही भाग जरी कापला तरी पॉलिसीतल्या नेमक्या कोणत्या अटीखाली कापला ते कळवावं लागतं. तुमच्या पत्रात कलमाचा आकडाच नाही, नुसते दोन शब्द आहेत. आणि नकाराच्या पत्रात नसलेलं कारण विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात २०१९ साली सांगितलं आहे. ते पत्र जपून ठेवा, लिफाफ्यासकट.

आता कागद. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'शुगर मॉनिटरिंग' लिहिलंय, एवढ्याने भागणार नाही. डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या: रुग्णाला शुगर उतरल्याची लक्षणं जाणवत नाहीत, ते इन्सुलिनवर आहेत, १४ जुलैला शुगर ३८ होऊन ते बेशुद्ध झाले आणि याच कारणासाठी इतके दिवस सेन्सर आवश्यक होता. सोबत सेन्सरचे रिपोर्ट जोडा. रात्री तीनच्या सुमाराला शुगर खाली गेल्याचा एखादा आलेख त्यात असेल तर तो सगळ्यात वर ठेवा. सेन्सरची रिकामी खोकी टाकली नसतील तर त्यांवरचे नंबर उतरवून घ्या. आणखी एक, २७ ऑगस्टचं बिल तुमच्या नावाने आहे. मेडिकलवाल्याकडून ते आजच पेशंटच्या नावाने दुरुस्त करून, सही-शिक्का मारून घ्या.

आता टीपीएच्या, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या मधल्या संस्थेच्या फोनवाल्यांशी बोलत बसू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही. तिथे वकील चालत नाही, त्यामुळे मला तुमच्या वतीने उभं राहता येणार नाही, पण त्याची गरजही नाही. पॉलिसी बाबांच्या नावावर आहे, तेव्हा अर्जावर सही त्यांची हवी. लोकपालांनी तुमच्या बाजूने निवाडा दिला तर कंपनीने तो ३० दिवसांत पाळायचा असतो. नाही पाळला तर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षांची. पण आयोगात केस चालू असताना लोकपालांकडे जाता येत नाही. २६,००० साठी मी आधी लोकपालच निवडेन.

राहिला पुढचा प्रश्न, तो तुम्ही विचारला नाहीत तरी सांगतो. बाबांना सेन्सर कायम लागणार असेल तर या पॉलिसीतून तो खर्च निघणार नाही. ही पॉलिसी ॲडमिट होण्यासाठी आहे. रिन्यूअलच्या आधी ओपीडीचं कव्हर जोडता येतं का ते विचारा, आणि सेन्सर त्यात बसतो असं कंपनीकडून लेखी घ्या. एजंटचं तोंडी 'हो' चालणार नाही. बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळे खाजगी पॉलिसी असली तरी त्यांना आयुष्मान वय वंदना हे ज्येष्ठांसाठीचं सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड काढता येतं. त्यातून दर महिन्याचा सेन्सर मिळेल असं समजू नका. पुन्हा ॲडमिट करायची वेळ आली तर मात्र ते कार्ड हाताशी असलेलं बरं.

डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की मला पाठवा. ईमेलचा मजकूर मी पाहून देतो.