अलास्कात गोठलेली जमीन मोजायला निघालाय? मग आधी एवढं वाचा

तुम्ही लिहिलंय, जंगलापासून ब्रूक्स पर्वतरांग ओलांडून टुंड्रापर्यंत, उत्तरेकडे जाणाऱ्या डाल्टन हायवेच्या कडेने उन्हाळ्यात जमीन किती खोल वितळते हे पंधरा ठिकाणी, वेगवेगळ्या गटांनी मोजायचं. बेत फारच छान आहे! फक्त सुरुवातीलाच पंधरा ठिकाणं घेऊ नका. तीन घ्या, पण दरवर्षी न चुकता जा.

– सगळीकडे पद्धत एकच. जमीन किती खोल वितळते यावर नजर ठेवणाऱ्या काल्म (CALM) या जागतिक जाळ्याची 121 बिंदूंची चौकट (11 गुणिले 11) तयार आहे, तीच वापरा. दगड लागला म्हणून बिंदू मनाने सरकवू नका, तशी नोंद करा.

– वेळ सांभाळा. वितळण्याची कमाल खोली टुंड्रात साधारण ऑगस्टच्या अखेरीस मिळते. एका गटाने जुलैत मोजलं आणि दुसऱ्याने सप्टेंबरात, तर तुलना करायची कशाची? नवख्यांचं इथेच सर्वात जास्त चुकतं.

– हात तयार करा. खोली मोजायला जमिनीत खुपसायची सळई दगडावर टणकन वाजते. गोठलेल्या मातीवर मात्र बद्द आवाज करून थांबते. सगळ्या गटांना पहिल्या दिवशी एकाच चौकटीवर आणा, तेच बिंदू प्रत्येकाकडून मोजून घ्या आणि आकडे शेजारी ठेवून बघा.

तापमानाचे लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं), उपग्रहचित्रं हे सगळं पुढच्या वर्षी. निघायच्या आधी नोंदवहीचा नमुना इथे टाका, मी नक्की बघतो.