म्युझियममधली हिरव्या दगडाची गोल कुऱ्हाड खरंच माणसं कापायला वापरायचे का?

तुम्ही न्यू कॅलेडोनियाची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरातल्या बेटांवरची, ती हिरवी गोल कुऱ्हाड बघितलीत, गाईड म्हणाला नरभक्षकांची आहे, आणि तुम्ही विचारताय की हे खरं का. मला म्युझियममधल्या दगडी वस्तूंचा जुना नाद आहे, आणि या कुऱ्हाडीची एवढीच ओळख करून दिली की खरंच राग येतो.

ही गोष्ट सुरू झाली 1793 मध्ये. दांत्रकास्तो नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीची जहाजं तिथल्या बालाद नावाच्या ठिकाणी थांबली होती, सोबत ला बिलार्दिएर हा निसर्ग अभ्यासक होता, त्याला तिथल्या एकाने हातवारे करून दाखवलं की याने शत्रूचं प्रेत कापतात. भाषा येत नाही, सगळा कारभार खाणाखुणांवर, त्यात तेव्हा तिथे लढाया आणि उपासमार चाललेली. 1800 मध्ये ला बिलार्दिएरचं प्रवासवर्णन छापून आलं आणि तेव्हापासून तेच चिकटलं. नरमांस खाण्याचा प्रकार तिथे नव्हताच असं मी म्हणत नाही, पण सगळी कुऱ्हाड त्या एका वाक्यात कोंबायची हे पटत नाही.

कनाक लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, लढायचे ते लाकडी गदा, भाले आणि गोफणीने. गोफणीचे दगड दोन्ही टोकांना निमुळते घासलेले असायचे आणि ते कमरेच्या जाळीच्या पिशवीत ठेवायचे. ही कुऱ्हाड मानाची, सरदाराच्या हातात समारंभात दिसायची, आणि दोन कुळांमध्ये सोयरीक किंवा तह व्हायचा तेव्हा मोठी भेट म्हणूनही जायची.

आणि दगड साधा नाही हो. जेडच्या जातीचा हिरवा दगड, तो मुख्यतः दक्षिणेकडच्या उएन बेटावरचा, तिथून हातोहात लॉयल्टी बेटांपर्यंत जायचा. हा दगड इतका चिवट की छिन्नीने घडवणं अवघड, त्यामुळे वाळू आणि पाणी घेऊन घासत बसायचं, घासत घासत चकती इतकी पातळ करायची की कडेला उजेड धरला तर हिरवा आरपार दिसतो. मग कडेजवळ दोन भोकं पाडायची, तीही दगडालाच. एवढी मेहनत केलेली पातळ चकती कोण लढाईत आपटेल सांगा!

पुन्हा गेलात तर दांड्याकडे नीट बघा. त्या भोकांतून ओवलेली दोरी बऱ्याचदा मोठ्या फळखाऊ वटवाघळांच्या केसांची असते, तांबूस रंगाची, बारीक वळलेली, तिथे याच केसांचे गोफ शिंपल्यांच्या मण्यांच्या पैशालाही लावतात. काही कुऱ्हाडींना दांड्याच्या खालच्या टोकाला अर्धी करवंटी बांधलेली असते, ती लोकांच्या लक्षातच येत नाही कारण सगळे पात्याकडे बघतात.

लेबलवर 'मॉन्स्ट्रन्स' असं काही असेल तर तेही फ्रेंचांचंच, त्यांना तो आकार चर्चमधल्या त्या पूजेच्या पात्रासारखा वाटला, गोव्याच्या चर्चमध्ये सूर्यासारख्या किरणांचं असतं ना, ते. 1853 मध्ये फ्रान्सने बेटं ताब्यात घेतली आणि पुढे असल्या वस्तू युरोपभर पांगल्या. कनाक अभ्यासक एमान्युएल कासारेरू आणि फ्रेंच अभ्यासक रोजे बुले यांनी त्या कुठे कुठे आहेत हे शोधून नोंदवण्याचं मोठं काम केलंय. तेव्हा तुमच्या म्युझियमला ईमेल करून विचाराच की ही कुऱ्हाड कुणी, कधी आणि कुठल्या गावातून आणली, रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलेलं असू शकतं, आणि गाईडपेक्षा त्याच्यावर माझा जास्त भरवसा आहे.