चित्रपटावरून केलेल्या म्युझिकलमध्ये मूळ चित्रपटाची मजा येते का, आणि प्रेक्षकांनी सोबत गाणे योग्य आहे का?

आईवडिलांना तोंडपाठ असलेल्या चित्रपटावरून केलेले म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचांचे नाटक, पाहायला त्यांना घणसोलीहून मुंबईत न्यावे का, तिथे चित्रपटाची मजा येते का, आणि प्रेक्षक गाण्यांबरोबर स्वतःही गाऊ लागतात ते चालते का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या दोन प्रश्नांचे माझे उत्तर असे की जरूर न्या, मात्र चित्रपटाची मजा तिथे शोधू नका. तिसऱ्या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मी ठाण्यात नौपाड्यात राहते, अनेक वर्षे हौशी संगीत नाटकांतून गायले आहे, आणि या विषयावर आमच्या घरात जुना वाद आहे.

'मुघल-ए-आझम' या हिंदी चित्रपटाचे म्युझिकल २०१६ साली दिग्दर्शक फिरोझ अब्बास खान यांनी रंगमंचावर आणले, तेव्हा मी ताई आणि भावोजींबरोबर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा नाट्यगृहात तो प्रयोग पाहिला. भावोजींनी हा चित्रपट १९६० साली, वयाच्या बाराव्या वर्षी, वडिलांबरोबर मराठा मंदिर या चित्रपटगृहात पाहिला होता. ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत त्यांनी आम्हाला अकबर आणि सलीमचे संवाद ऐकवले, आणि ते त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटले की समोरच्या बाकावरचे प्रवासीही ऐकू लागले. त्यांच्या चित्रपटप्रेमाबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे.

चित्रपट बहुतांशी कृष्णधवल होता आणि शीशमहालातले गाणे रंगीत होते, हे तुमच्या आईवडिलांना आठवत असेलच. रंगमंचावर ते दृश्य उजळले, तेव्हा गाण्याचा एक शब्दही उच्चारला जाण्यापूर्वी सारे नाट्यगृह टाळ्या वाजवू लागले. ती दाद आठवणीला होती आणि त्यात काहीही गैर नव्हते. नायिका अनारकलीची भूमिका दोन अभिनेत्री आलटून पालटून करत होत्या, आणि त्या दिवशी आमच्या वाट्याला प्रियांका बर्वे आल्या. त्यांनी मुखडा घेतला, आणि आमच्या मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी त्यांच्याबरोबर गुणगुणायला सुरुवात केली. त्यांचा सूर वाईट नव्हता, परंतु ते ध्वनिमुद्रिकेच्या लयीत गात होते आणि रंगमंचावरची लय किंचित ठाय, म्हणजे संथ, होती, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी ते पाऊण मात्रा आधी पोहोचत आणि पुढच्या जागेवरचा गायिकेचा सूर आम्हाला त्यांच्या आवाजाआडून ऐकावा लागे. एका अंतऱ्यापूर्वी गायिकेने नृत्यातली चक्कर पूर्ण केली, पाय स्थिर केला, आणि पुढची ओळ उचलण्याआधी घेतलेला अर्धा श्वास ध्वनिक्षेपकातून स्पष्ट ऐकू आला. माझ्यासाठी संपूर्ण संध्याकाळीतला तो सर्वांत मोलाचा क्षण होता. त्याच क्षणी मागच्या गृहस्थांचा अंतरा सुरूही झालेला होता.

प्रयोगानंतर बाहेर पडताच भावोजी म्हणाले, "सगळं भव्य आहे, पण लताबाईंची सर नाही." मी म्हटले, "भावोजी, तुलनाच चुकीची आहे." गाडी कुर्ला सोडून गेली तरी आमचा वाद चालूच होता. चित्रपटात संगीतकार नौशाद यांनी बांधलेले ते गाणे लताबाई ध्वनिमुद्रणासाठी गायल्या आणि पडद्यावर मधुबाला यांनी ते साकार केले. तिथे गळा एकीचा आणि देह दुसरीचा होता, आणि उत्तम तेवढे निवडून ठेवण्याची सोयही होती. रंगमंचावर तीच मुलगी कथक करते, तीच अभिनय करते, तीच गाते, आणि स्वर निसटला तर तो सर्वांसमक्ष निसटतो. या दोन कामांना एकच माप लावणे हा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे मत त्या संध्याकाळी तयार झालेले नाही. १९९४ साली गडकरी रंगायतनमध्ये आमच्या हौशी मंडळींच्या प्रयोगात मी एक पद गायले होते. एका थोर गायकाच्या ध्वनिमुद्रिकेमुळे ते घराघरांत पाठ होते. मला वन्स मोअर मिळाला, आणि दुसऱ्या वेळी मी तान मुद्दाम निराळ्या अंगाने घेतली. प्रयोगानंतर मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी माझ्या वडिलांसमोर भावोजी म्हणाले, "छान गायलीस, पण रेकॉर्डसारखं नाही झालं." वडील काहीच बोलले नाहीत. ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही.

भावोजींचा दुसरा आक्षेप असा होता की, रंगमंचाने चित्रपटाची नक्कल करू नये. वस्तुतः अनारकलीची ही कथा चित्रपटाच्या कितीतरी आधी रंगभूमीसाठी लिहिली गेली होती. इम्तियाज़ अली ताज यांनी १९२२ साली 'अनारकली' हे नाटक लिहिले आणि चित्रपटाच्या कथेचे मूळ त्या नाटकात आहे. तेव्हा रंगभूमीने आपलीच वस्तू परत घेतली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मी हे त्यांना मुलुंड येण्यापूर्वी सांगितले होते, आणि त्यांनी ते अजूनही मान्य केलेले नाही.

उलट दिशेनेही हेच घडते. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ सालचे नाटक, पंडित जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचे. २०१५ साली त्यावर चित्रपट आला, तेव्हा शंकर-एहसान-लॉय यांनी त्यात नवी गाणी घातली. त्यानंतर ठाण्यात या नाटकातल्या प्रवेशांचा एक हौशी कार्यक्रम झाला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या महाविद्यालयीन मुलीने मध्यंतरात मला विचारले, "काकू, ती कव्वाली कधी येणार?" ती नाटकात नाहीच, हे सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला, पण नंतर ती एकाग्रतेने ऐकत राहिली. तिच्या वागण्यात जी सभ्यता होती, तिचीच मी ज्येष्ठ प्रेक्षकांकडून अपेक्षा करते.

म्हणून दाद देऊ नका असे मी मुळीच म्हणत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हापासून आपल्या संगीत नाटकाचा प्रेक्षक मोकळेपणाने दाद देत आलेला आहे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, "वाहवा" म्हणा, पद संपल्यावर वन्स मोअर मागा, शिट्टी वाजवायची असेल तर तीही गाणे संपल्यावर वाजवा. गाणे चालू असताना मात्र आपला आवाज मिसळू नये, कारण तिकीट काढणाऱ्याने गायिकेचा आवाज ऐकण्यासाठी पैसे मोजलेले असतात.

काही गोष्टी भावोजींच्या बाजूनेही सांगायला हव्यात. अशा प्रयोगांची तिकिटे महाग असतात आणि मागच्या रांगांतून चेहरे दिसत नाहीत. पडद्यावर मधुबाला यांच्या डोळ्यांतले जे जवळून दिसते, ते तिथे कोणालाच दाखवता येणार नाही. शिवाय काही प्रेक्षागृहांत आवाज इतका चढा ठेवतात की वयस्कर माणसांना त्रास होतो. तुमच्या वडिलांना श्रवणयंत्र असेल तर ध्वनिक्षेपकांजवळच्या खुर्च्या टाळा आणि शक्य तर मधल्या रांगा घ्या. आईंना गाणी म्हणायची असतील तर परतीच्या गाडीत वाशीपर्यंत भरपूर वेळ मिळतो. आणि एकाच भूमिकेसाठी दोन गायिका असतील, तर त्या दिवशी कोण गाणार आहे हे तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्या.