घरगुती होलोग्राफी प्लेट : डाय कोणता, किती आणि कधी

घरी होलोग्राफी प्लेट बनवणाऱ्यांची पत्रं वेगवेगळी असतात, पण गोंधळ तोच. डाय म्हणजे रंग, आणि रंग जितका गडद तितकी प्लेट तेज, म्हणजे कमी प्रकाशात उमटणारी, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. प्लेटवर इमल्शनचा, म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असलेल्या जिलेटिनचा, लेप असतो. सिल्व्हर ब्रोमाइड मुळात निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देतं. लाल किंवा हिरव्या लेसरला दाद मिळते ती कणाच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या डायमुळे. हर्मान फोगेल यांनी १८७३ साली हे दाखवलं. जिलेटिनमध्ये नुसता तरंगणारा डाय प्लेट रंगवतो, एवढंच.

प्रश्न : माझा लेसर हीलियम-निऑनचा, ६३२.८ नॅनोमीटर. मग लाल रंगाचा डाय घ्यायचा ना?

नाही. लाल दिसणारा डाय लाल प्रकाश शोषतच नाही. तुम्हाला निळा दिसणारा हवा, म्हणजे पिनासायनॉलसारखा.

प्रश्न : कॅटलॉगमध्ये पिनासायनॉलच्या शोषणाचं शिखर ६०५च्या आसपास दिलं आहे. माझ्या ६३३च्या लेसरला तो निरुपयोगी का?

तो आकडा अल्कोहोलमधल्या द्रावणाचा आहे. कणावर बसल्यावर सायनिन गटातल्या डायचं (पिनासायनॉल त्यातलाच) शोषण साधारण २० ते ४० नॅनोमीटरने लांब तरंगलांबीकडे सरकतं, म्हणून ६३३ला हा डाय चांगला चालतो. ६६०च्या डायोडला मात्र त्याच्यावर विसंबू नका.

हिरव्या ५३२ साठी हे सरकणं उलट अंगावर येऊ शकतं. १,१'-डायइथाइल-२,२'-सायनिन आयोडाइडचा सुटा रेणू पाण्यात ५२३च्या आसपास शोषतो. तेच रेणू कणावर दाटीने ओळीत लागले की अरुंद पट्टा ५७३च्या जवळ उमटतो, आणि तुमचा लेसर दोन्हींच्या मधल्या खळग्यात सापडतो. या डायचं प्रमाण म्हणून हात राखूनच ठेवा. लेसरवरच्या चिठ्ठीवरही जाऊ नका. ६३५ लिहिलेला डायोड ६५०चा निघू शकतो. वर्णपटमापक असलेल्या प्रयोगशाळेत एकदा मोजून घ्या, मग डाय मागवा.

प्रश्न : १०० मिली इमल्शनमध्ये २ मिली डाय घातला, प्लेट मंद निघाली. २० मिली घालू का?

घालू नका. ही चूक सगळ्यात जास्त प्लेट वाया घालवते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी पृष्ठभागाचा हिशोब. १८८ ग्रॅम, म्हणजे एक मोल सिल्व्हर ब्रोमाइड एक मायक्रोमीटर बाजूच्या घनाकृती कणांत वाटलं, तर एकूण पृष्ठभाग सुमारे १७० चौरस मीटर भरतो. ३० नॅनोमीटरच्या कणांत तोच सुमारे ५,८०० आणि १० नॅनोमीटरच्या कणांत १७,००० चौरस मीटरच्या वर जातो. त्यामुळे दुसऱ्याच्या पाककृतीतले मिलिलिटर त्याच्या कणांना लागू असतात, तुमच्या नव्हे. हा हिशोब वाचून 'जागा एवढी आहे, तर भरून टाकू' असं वाटतं आणि तिथेच घात होतो. पृष्ठभाग पूर्ण झाकायच्या कितीतरी आधी संवेदनशीलता वाढायची थांबते आणि पुढे उतरते. शेजारचे डाय-रेणू एकमेकांची ऊर्जा खातात, डायमध्ये उरलेली धन जागा सुटलेला इलेक्ट्रॉन परत पकडते, आणि बारीक कण एकमेकांना चिकटून प्लेट दुधाळ होते.

दुसरं नुकसान होलोग्राफीत खास जाणवतं. देनिस्युक मांडणीत प्रकाश प्लेटमधून पार होऊन वस्तूवर पडतो आणि उलट फिरून पुन्हा प्लेटमध्ये शिरतो. कोरडी प्लेट लेसरचा ७० टक्के प्रकाश पार करत असेल, तर पुढच्या पृष्ठभागापर्यंत परतणाऱ्या प्रकाशातला ४९ टक्के भाग दोन फेऱ्यांनंतर उरतो. पार होणारा प्रकाश ५० टक्क्यांवर आला की उरतो २५. वस्तूकडून मुळात कमीच परततं, त्यातलंही निम्मं गेलं. जाणारा आणि परतणारा प्रकाश मिळून प्लेटमध्ये उमटणाऱ्या पट्ट्यांचा उठाव जातो, होलोग्राम फिका येतो, आणि माणूस 'डाय कमी पडला' म्हणून आणखी ओततो.

मोजूनच ठरवा. १०० मिलिग्रॅम डाय १०० मिली शुद्ध इथेनॉलमध्ये विरघळवा. हे १:१००० द्रावण. इमल्शन धुऊन, पक्व करून, लेपाच्या आधी ४० अंश सेल्सिअसवर पाच भांड्यांत १००-१०० मिली घ्या. त्यांत अनुक्रमे ०, १, २, ४ आणि ८ मिली डाय थेंबाथेंबाने, ढवळत घाला. प्रत्येक भांड्यात साधं इथेनॉल घालून एकूण भर ८ मिलीच ठेवा, नाहीतर फरक डायचा की अल्कोहोलचा हे कळणार नाही. पंधरा-वीस मिनिटं ढवळत राहू द्या, मग प्रत्येकाचा लेप वेगळ्या काचपट्टीवर द्या. वाळलेल्या पट्टीचं एक टोक झाकून ठेवा आणि बाकीच्यावर लेसरने १०, २०, ४०, ८०, १६० सेकंदांच्या पायऱ्या पाडा. सगळ्या पट्ट्या एकाच डेव्हलपरमध्ये, २० अंशांवर, सारखाच वेळ धुवा.

झाकलेलं टोक काळवंडलं तर तो फॉग आहे, त्याला संवेदनशीलता समजू नका. लाल लेसरखाली बिनडायची पट्टी कोरी राहायला हवी. ती काळी पडली तर अंधाऱ्या खोलीत कुठूनतरी प्रकाश शिरतोय. डायच्या ज्या प्रमाणानंतर काळेपणा वाढत नाही, त्याच्या लगेच आधीचं प्रमाण धरा. वेळ ठरवताना लेसरचा हिशोबही करा. ५ मिलिवॉट १० बाय १० सेंटिमीटरवर पसरले की दर चौरस सेंटिमीटरला ०.०५ मिलिवॉट मिळतात. २ मिलिज्यूल हवे असतील तर ४० सेकंद लागतात. 'मंद' म्हटलेली प्लेट पुष्कळदा ५ सेकंदच उघडलेली असते.

चारही प्रमाणांत पट्ट्या सारख्याच निघाल्या, तर दोष डायचा नाही. पीएच आणि ब्रोमाइड तपासा. पिनासायनॉल आम्लात रंग सोडतो, आणि ब्रोमाइड किंचित जास्त असेल तर धनभारित सायनिन कणाला नीट धरतो. तरीही उलगडा झाला नाही, तर इमल्शन बनवणाऱ्या जाणकाराला पट्ट्या दाखवा. नुसतं वर्णन करून भागत नाही.

प्रश्न : खाण्याचा निळा रंग, प्रिंटरची शाई, मत्स्यटाकीचं मेथिलीन ब्लू चालतं असं ऐकलं. 'होलोग्राफी संवेदक' म्हणून बाटलीही मिळते.

ऐकलं, हा पुरावा नाही. डायने प्रकाश शोषणं पुरेसं नसतं. त्याने कणाला चिकटावं लागतं आणि उत्तेजित इलेक्ट्रॉन सिल्व्हर ब्रोमाइडला देता यावा लागतो. खाण्याचे रंग आणि शाई यातलं काही करण्यासाठी बनवलेले नसतात. मेथिलीन ब्लू डिफ्युजन पद्धतीच्या (जिलेटिनच्या तयार लेपात चांदीचा क्षार जिरवून तिथेच बनवलेल्या) अतिसूक्ष्म कणांवर लाल लेसरला चालतं, हे खरं. पण नेहमीच्या इमल्शनमध्ये ते संवेदनशीलता मारूही शकतं. टाकीच्या औषधात ते किती आहे आणि सोबत काय आहे, हे ठाऊक नसेल तर वापरू नका. रसायनाचं नाव, सीएएस क्रमांक (रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक), शुद्धता आणि सुरक्षापत्र न देणारी बाटली घेऊच नका. गुपित मिश्रण विकणाऱ्याला तुमच्या प्लेटची काळजी नसते.

प्रश्न : एरिथ्रोसिन (हिरव्यासाठीचा डाय) आणि पिनासायनॉल एकाच बाटलीत मिसळून ठेवू का?

नको. एक ऋणभारित, दुसरा धनभारित, साका बसतो. ऋणभारित साबणासारखे ओलावाकारकही पिनासायनॉलशी असेच गुंततात.

प्रश्न : सेफलाइट, म्हणजे प्लेट हाताळतानाचा सुरक्षित दिवा, कोणता?

हिरव्यासाठीच्या प्लेटला मंद लाल, लालसाठीच्या प्लेटला मंद हिरवा. दोन्हींसाठी संवेदी प्लेट असेल तर अंधारच. आधी प्लेटच्या अर्ध्या भागावर नाणं ठेवून दहा मिनिटं चाचणी घ्या.

प्रश्न : डायच्या पाण्यात बुडवून तयार केलेल्या प्लेट दोन महिन्यांनी मंद आणि धूसर झाल्या. ट्रायइथेनॉलअमाइनने परत येतील का?

येणार नाहीत. १:५०,००० ते १:१,००,००० डायमध्ये बुडवलेली प्लेट त्याच आठवड्यात वापरायची असते. ट्रायइथेनॉलअमाइन वेग वाढवतं, पण फॉग पुसत नाही, आणि ते लावलेली प्लेट काही तासांतच वापरावी लागते. शिवाय त्याने जिलेटिन फुगतं आणि धुऊन वाळल्यावर पुन्हा आकसतं, त्यामुळे परावर्ती होलोग्रामचा रंग लाल सोडून हिरव्याकडे सरकतो. साठवायच्या प्लेटमध्ये डाय इमल्शनमध्येच घाला.

प्रश्न : सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया घालून केलेलं द्रावण तीन आठवडे बाटलीत आहे. तळाशी काळं काहीतरी बसलंय. डाय घालून वापरू का?

बाटली हलवू नका, झाकण फिरवू नका. अमोनियायुक्त चांदीच्या द्रावणात साठवणीत स्फोटक साका बनतो आणि तो धक्क्यानेही उडू शकतो. खोली बंद करा, घरातल्यांना दूर ठेवा आणि आजच अग्निशमन दलाला किंवा रासायनिक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेला कळवा. मला लिहून उत्तराची वाट पाहण्यात दिवस घालवायला नको होते. पुढच्या वेळी हे द्रावण लागेल तेवढंच, त्याच तासाला बनवा, आणि उरलेलं लगेच विरळ आम्लाने आम्लधर्मी करून चांदीच्या कचऱ्यात टाका.

प्रश्न : डाय हाताळल्यापासून बोटांना खाज आणि पुरळ आहे. मलम लावलं, थांबून बघू?

थांबू नका. काम बंद करा आणि डायचं व विद्रावकाचं सुरक्षापत्र घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कित्येक सायनिन डायची विषारीपणाची तपासणी अपुरी आहे, म्हणून ते निर्धोक समजू नका. नायट्राइल हातमोजे घाला, वजन करताना भुकटी उडू देऊ नका. मेथेनॉल वापरत असाल तर हवा खेळती ठेवा आणि जवळ ज्योत नको. बोटांवरचा डाग ब्लीचने घासत बसू नका, तो कातडीबरोबर आपोआप जातो.